वरखर्च

गोळी स्वस्त आहे, हे आधीच सांगतो.
पांढरी, मसुराच्या दाण्याएवढी, महिन्याच्या तीस.
डलूथच्या औषधाच्या दुकानात
खिडकीमागची मुलगी दर खेपेला म्हणते,
‘नशीबवान आहात. फक्त चार डॉलर.’

पहिल्याच आठवड्यात आयलीने
खारवलेल्या माशांची बरणी स्वतः उघडली.
झाकण हातात घेऊन उभी राहिली ओट्याशी
कुणाच्या तरी खिशातून काढून आणल्यासारखी.
तीन वर्षांनी राईचं पीठ मळलं,
दोन पाव भाजले, एक शेजारी व्हर्ननकडे दिला,
आणि रात्री दोन वाजता उठून
सगळ्या खिडक्या पुसल्या.
काचेवर वर्तमानपत्र करकरत होतं.
मी अंथरुणात पडून म्हणालो,
चार डॉलर!

तेव्हा वही नव्हती.

वही सुरू झाली कोटापासून.
चेहरा गोल झाला, मानेवर मांस चढलं, बटण लागेना.
कोट, सेलमधला, अडुसष्ट.
मग भूक: लोणी, चीज, मध्यरात्रीचं अंडं,
हे मी लिहिलं नाही, लिहायची लाज वाटली.
मग साखर. टोचायच्या सुया, पट्ट्यांचे डबे,
आणि टोचायची तीच बोटं
जी वाचवायला हे सगळं आरंभलं होतं.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू नोव्हेंबरात काढला,
डावा जानेवारीत.
नव्या वर्षी विम्याची पाटी कोरी होते
आणि पहिले काही हजार पुन्हा आपलेच.
हे आम्हाला फेब्रुवारीत कळलं.

फेब्रुवारीतच ती शिंकली.
इतकंच. शिंकली,
आणि पाठीचा एक मणका चेपला.
रुग्णवाहिकेचा दर मैलावर असतो.
आम्ही सरोवराच्या काठाने सतरा मैल वर राहतो,
घर घेताना म्हणालो होतो, काय शांतता आहे.

दुसरं औषध आहे. शिरेतून देतात, हाडांना धक्का लावत नाही.
विमा कंपनीचं पत्र आलं:
आधी स्वस्त उपाय पुरेसा वापरून पाहावा.
मी फोन केला. म्हटलं, पुरेसा म्हणजे किती मणके?
माणूस सभ्य होता.
‘थांबा हं’ म्हणाला, आणि वीस मिनिटं बासरी ऐकवली.

बोट मे महिन्यात विकली.
घेणारा तरुण पोरगा, चांगला होता,
मागच्या फळीवरचं नाव दाखवून म्हणाला,
‘हे खरवडून काढू ना?’
म्हटलं, राहू दे. रंगाला पैसे कशाला घालतोस.
आता कुठल्या तरी धक्क्याला
‘आयली’ पाण्यावर हलत असेल, सांधे न दुखता.

कोंबडी चार आण्यांची, मसाला बारा आण्यांचा
असं लोक हसून म्हणतात.
माझ्या वहीत ‘संधिवात’ नावाचा रकाना आहे,
एकोणचाळीस महिन्यांचे एकशे छप्पन डॉलर.
बाकी सगळं ‘वरखर्च’ या रकान्यात,
तिथली बेरीज मी पेन्सिलीने करतो.

आता गोळी कमी करायची आहे.
एकदम सोडून चालत नाही, डॉक्टरीण म्हणाली,
शरीर स्वतःचं स्वतः बनवायला विसरलंय,
त्याला हळूहळू आठवू द्या.
म्हणून रविवारी पावाच्या फळीवर
दाढीच्या पात्याने मी गोळ्यांचे अर्धे करतो.
भुगा पडतो. तो मी फुंकत नाही,
बोटाने गोळा करतो. का, माहीत नाही.

काल तिने वही मागितली.
खिडकीशी नेली,
ज्या डोळ्यांचे आम्ही दोनदा पैसे भरले
त्या डोळ्यांनी वाचत बसली,
पान, पान, मग परत मागचं पान.
मी केटलकडे बघत राहिलो.

‘कोट दोनदा लिहिलायस,’ ती म्हणाली.

खरंच लिहिला होता. मार्चमध्ये आणि पुन्हा एप्रिलमध्ये.
तिने पेन्सिल मागितली, मुठीत धरली,
पोरं पहिल्यांदा धरतात तशी,
आणि एक आडवी रेघ मारली, जरा वाकडी.
अडुसष्ट डॉलर.
संध्याकाळभर ती मधूनच हसत होती
त्या गोल, अनोळखी चेहऱ्याने,
आणि मी दोनदा तोच कोट
तिच्या खांद्यांवर नीट केला.